कॅमेरा उगाच बोंबलतोय? सेन्सिटिव्हिटी कमी करण्याआधी या चुका टाळा

घराबाहेर हालचाल टिपून मोबाइलवर कळवणारा नवा सुरक्षा कॅमेरा लागला की पहिले काही दिवस प्रत्येक अलर्ट हौसेने उघडून बघितला जातो. पान हललं, मांजर गेलं, गाडीचा दिवा भिंतीवरून फिरला, असंच काहीबाही दिसत राहिलं की मग मोबाइल वाजला तरी कुणी तो हातात घेत नाही. काही जण थेट नोटिफिकेशनच बंद करून टाकतात. मग भिंतीवर कॅमेरा असून काय उपयोग?

यावर बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे अ‍ॅपमध्ये जाऊन सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती लहान हालचालीवर अलर्ट द्यायचा ते सेटिंग, कमी करणे. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कॅमेऱ्याजवळची फांदी चित्रात मोठी दिसते आणि फाटकाशी उभा माणूस लहान. सेन्सिटिव्हिटी उतरवली की आधी तो लहान माणूस सुटतो, फांदी मात्र तशीच अलर्ट पाठवत राहते.

त्याऐवजी आधी गेल्या दोन-तीन दिवसांच्या खोट्या क्लिप्स ओळीने बघा आणि त्यांच्या वेळा मांडा. अर्धं निदान तिथेच होतं. वारा असतानाच अलर्ट येत असतील तर झाड किंवा ढिला ब्रॅकेट. ऊन-सावलीच्या दिवशी येत असतील तर ढग. फक्त रात्री येत असतील तर किडे, कोळ्याची जाळी, धूळ, पाऊस. रोज तिन्हीसांजेला एक-दोनच येत असतील तर दोष बाहेरचा नाही. उजेड कमी झाला की लेन्समागचा इन्फ्रारेड फिल्टर बाजूला सरकतो, बारीकसा 'टक्' आवाज येतो आणि रंगीत चित्र कृष्णधवल होतं. सगळं चित्र एकदम बदलल्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं की सगळंच हललं. हा बदल पुन्हापुन्हा होत असेल तर डे-नाइट मोड 'ऑटो'वरून काढून वेळेनुसार लावा.

दुसरी चूक, आपला कॅमेरा हालचाल ओळखतो कशी हेच न बघणं. वायरवर चालणारे बरेचसे कॅमेरे आधीच्या आणि आत्ताच्या फ्रेममधले पिक्सेल ताडून बघतात. बॅटरीवरच्या कॅमेऱ्यांत बहुधा पीआयआर सेन्सर असतो, तो उष्णतेतला फरक टिपतो. दोघांची दुखणी वेगळी. पिक्सेलवाल्याला सावली फसवते. पीआयआरला सावलीचं फारसं काही वाटत नाही, पण एसीच्या बाहेरच्या युनिटचा गरम झोत, तापलेलं बॉनेट किंवा उन्हात भाजलेला पत्रा त्याला जागा करतो. हा सेन्सर खिडकीच्या काचेआडूनही चालत नाही, कारण अंगातून निघणारी उष्णतेची किरणं काच अडवते. शिवाय समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस त्याला चटकन कळतो. त्यामुळे कॅमेरा वाटेच्या नाकासमोर न लावता थोडा बाजूला लावा. भर उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापली की फरक उरत नाही आणि खरा माणूसही निसटू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

झोन, म्हणजे चित्राच्या ज्या भागातली हालचाल कॅमेऱ्याने मोजायची तो भाग, आखताना लोक घाई करतात. दार आणि अंगण असा ऐसपैस चौकोन काढला की त्यात रस्त्याचा तुकडा आणि झाडाचा शेंडा येतोच. झोन जमिनीवर आखा, जिथे माणसाचे पाय पडतील तिथे. आकाश आणि रस्ता बाहेर ठेवा. जमत असेल तर कॅमेराच अडीच-तीन मीटर उंचीवर नेऊन तोंड खाली वाकवा, म्हणजे रस्ता चित्रात येणारच नाही. आणखी एक, ऋतूबरोबर सूर्याची वाट सरकते तशी सावलीही सरकते. हिवाळ्यात अचूक बसलेला झोन उन्हाळ्यात चुकीचा ठरू शकतो. संगणकावर स्वतःचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी चित्राच्या कोपऱ्यातलं घड्याळही मास्क करावं, म्हणजे हालचाल शोधण्यातून वगळावं. तिथले आकडे दर सेकंदाला बदलतात आणि काही सॉफ्टवेअर त्यालाही हालचाल मानतात.

आता रात्रीचा खरा छळवादी: कोळी. अंधारात बघण्यासाठी लागणारे इन्फ्रारेडचे दिवे लेन्सला लागूनच असतात. त्या उजेडाला आणि उबेला किडे जमतात, किड्यांमागून कोळी येतो. लेन्ससमोरचा एकच धागा इतक्या जवळून उजळतो की क्लिपमध्ये पांढरा जाडजूड दोर हेलकावे खाताना दिसतो. धूळ आणि पावसाचे थेंब पांढरे गोळे होऊन उडतात. मऊ ब्रशने जाळी काढणं हा तात्पुरता इलाज, कोळी पुन्हा येतोच. कीटकनाशक लेन्सवर मारू नका, काचेवर थर बसून चित्र धूसर होतं. टिकाऊ उपाय असा, की कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे बंद करायचे आणि वेगळा इन्फ्रारेड दिवा काही फूट लांब लावायचा. किडे तिकडे जातात आणि लेन्ससमोरची धूळही उजळत नाही. घरात, खिडकीच्या काचेमागे कॅमेरा ठेवला असेल तर हे अंगचे दिवे बंद करावेच लागतात, नाहीतर काचेवरून परावर्तन होऊन चित्र पांढरंफटक पडतं. साधा बाहेरचा दिवा लावला तरी फरक पडतो. अंधारात चित्रावर जी रवाळ मुंग्यांसारखी वळवळ दिसते, ती उजेडाने कमी होते.

'फक्त माणूस दिसला तर कळव' अशी सोय असेल तर जरूर वापरा, पण ती नोटिफिकेशनपुरतीच लावा. रेकॉर्डिंग सगळ्या हालचालींचं चालू राहू दे. दोरीवर वाळत घातलेला कुर्ता तिला माणूस वाटू शकतो आणि छत्रीखालचा माणूस कधीकधी माणूस वाटत नाही. रेकॉर्डिंग असेल तर निदान मागाहून शोधता येतं.

दोन अलर्टमधलं अंतर वाढवण्याचा मोह मात्र आवरा. पाच मिनिटं ठेवलीत आणि आधी मांजर गेलं, तर दोन मिनिटांनी आलेल्या माणसाची वर्दी मिळणारच नाही.

एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. प्रत्येक बदलानंतर स्वतः चालून बघा: दिवसा एकदा आणि रात्री एकदा, गडद कपड्यांत, भिंतीच्या कडेकडेने. तुमचाच अलर्ट आला नाही तर तो बदल मागे घ्या. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर झोन जागेवर आहेत का तेही बघा. कधीकधी सगळं मूळपदावर गेलेलं असतं.