संभाजीनगरात कंपन्यांची कामं करणाऱ्या वकिलाकडं ज्युनियर लागताय? मग हे वाचून घ्या

आधी एक क्लियर करतो, सॉलिसिटर हा शब्द मुंबईचा. तिथं आर्टिकलशिप, म्हणजे सॉलिसिटरकडं उमेदवारी करून बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देतात. आपल्याकडं ऑफिस वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांचं असो नाहीतर जालन्याच्या स्टीलवाल्यांचं, तुम्ही ज्युनियरच, आणि पहिले सहा महिने पक्षकार तुम्हाला "सर कुठंयत?" एवढंच विचारणार. मनाला लावून घ्यायचं नाही.

पैशाचं पहिल्याच दिवशी बोला, लाजायचं काही नाही त्यात. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्क्युलर काढलं, शहरात महिन्याला २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० तरी द्या म्हणून, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, त्यामुळं रूमभाडं आणि मेसचा हिशोब घरून करूनच जा. आणि सनद, म्हणजे वकिलीचा परवाना मिळाल्यावर दोन वर्षांत ऑल इंडिया बारची परीक्षा काढायची असते, ती उगं लांबवू नका.

आता मेन गोष्ट. पहिल्या वर्षात तुम्हाला कायदा किती येतो हे कुणी बघत नाही, तारीख सांभाळता येते का ते बघतात. ऑफिसची डायरी असतेच, तुमची वेगळी ठेवा, आणि त्यात नुसती पुढची तारीख नाही तर मुदत कधी संपते ते लाल पेननं लिहा.

उदाहरण चेक बाऊन्सचं, कारण सुरुवातीला तेच हातात येतं. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो पक्षकाराला मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती समोरच्याला पोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, ते संपले की एका महिन्यात तक्रार दाखल. पोस्टाच्या ट्रॅकिंगची प्रिंट त्याच दिवशी काढून फाइलला लावा, नंतर साइटवर सापडत नाही. आणि नोटिशीत रक्कम चेकवर आहे तीच टाका. मी पहिल्या महिन्यात ४,६५,००० च्या जागी ४,५६,००० टाइप केलं होतं. सिनियरनी सही करायच्या आधी चेकची झेरॉक्स शेजारी ठेवून बोटानं एकेक आकडा वाचला आणि काही न बोलता कागद माझ्याकडं सरकवला, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. टायपिंग मिस्टेक होती म्हणून कोर्ट ऐकून घेत नाही त्यात, केस तिथंच जाते.

कंपनीवर कमर्शियल दावा आला असेल तर याहून अवघड. ३ लाख किंवा जास्त रकमेचा व्यापारी वाद असला की कमर्शियल कोर्ट ॲक्ट लागतो, समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर द्यायचं, कोर्टानं वाढवून दिलं तरी १२० दिवसांच्या पुढं नाही, म्हणजे नाहीच. आणि वाळूजला काय होतं, समन्स गेटवर सिक्युरिटीवाला घेतो, इनवर्डचा शिक्का मारतो, मग ते एचआरच्या टेबलावर तीन आठवडे पडून राहतं. मॅनेजर म्हणतो परवाच आलं. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, इनवर्ड रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा आणि दिवस तिथून मोजा. दावा आपल्यालाच टाकायचा असला तर तातडीचा स्टे नको असेल तेव्हा आधी मध्यस्थीला जावंच लागतं, कलम १२ अ, ते न करता दावा घेऊन गेलात तर हात हलवत परत. छोट्या व्हेंडरचे पैसे अडकले असतील तर दाव्याच्या आधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का, कधीची आहे, ते विचारा. एमएसएमई कायद्यात करार काहीही असो ४५ दिवसांच्या आत पेमेंट करायचं असतं, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, त्यामुळं काही वेळा कोर्टापेक्षा याच कायद्यातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा रस्ता बरा पडतो.

कोर्टात ऑफिसच्या क्लार्कला मामा म्हणा, काका म्हणा, पण त्यांच्याकडून शिका. दाखल केलेल्या कागदांवर ऑफिसनं काढलेलं ऑब्जेक्शन कसं दूर करायचं, नक्कल कुठल्या टेबलाला अडकते, हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. पुकारा होताना कॅन्टीनला बसू नका. बाकी ई-फाइलिंग वगैरे चार दिवसांत येतं.

शेवटचं म्हणजे जमिनीचं काम, खास मराठवाड्याचं आणि मला लई आवडणारं. बिडकीनकडं फॅक्टरीसाठी जमीन बघणारा पुण्याचा पक्षकार नुसता सातबारा आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट मागतो. आपल्याकडं तेवढ्यावर भागत नाही. इथं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, मग हैदराबाद टेनन्सी ॲक्ट १९५०, त्यामुळं खासरा पत्रक, पाहणी पत्रक हे जमिनीचे जुने कागद काढून बघायचं की जमीन इनामी होती का, कूळ होतं का, विकायला परवानगी लागत होती का आणि घेतली का. एमआयडीसीचा प्लॉट असेल तर तो बहुतेक ९५ वर्षांच्या लीजवर असतो, मालकीचा नाही, हे पक्षकाराला दोनदा सांगा. जुन्या कागदावर फसली सन (निजामाच्या काळातलं महसुली वर्ष) दिसलं तर त्यात ५९० मिळवा, साधारण इसवी सन निघतं. उर्दू येत नसेल तर अंदाजानं वाचू नका, असे कागद वाचून मराठीत करून देणारे जुने लोक अजून आहेत, त्यातल्या एकाचा नंबर जवळ ठेवाच. आमचे आहेत ते सकाळी अकराच्या आधी फोन उचलत नाहीत, आणि कागदाचा फोटो चालत नाही, ओरिजिनल किंवा नक्कलच घेऊन जावं लागतं.