खानदेशच्या उन्हात टिकणारं विमानाचं इंजिन

मे महिन्यात जळगावात पारा ४५ अंशांवर गेला की विरळ हवेमुळे लहान विमानाचं इंजिन १,३०० मीटर उंचीवर असल्यासारखं चालतं. शंभरातली दहा-बारा अश्वशक्ती तिथंच जाते. इंजिन निवडताना तेवढी जास्तीची धरा.

रोटॅक्स कंपनीचं टू-स्ट्रोक ५८२ इंजिन हलकं, पण ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) ३०० तासांनी. त्यांचंच फोर-स्ट्रोक ९१२ यूएलएस ओव्हरहॉलआधी २,००० तास चालतं. आम्ही तेच निवडू.

खरी अडचण पेट्रोलची. ९१२ ला दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं. पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं. ॲव्हगॅस, म्हणजे विमानांचं पेट्रोल, वापरा, पण त्यातल्या शिशामुळे तेल दर २५ तासांनी बदला. पेट्रोलच्या नळ्या एक्झॉस्टपासून लांब ठेवून फायरस्लीव्ह (उष्णता रोखणारं आवरण) चढवा, नाहीतर वाफ अडकून इंजिन बंद पडेल.

जुनं इंजिन घेताना लॉगबुक (चाललेले तास आणि दुरुस्त्यांची नोंदवही) नसेल तर सौदा सोडा.