सिगारेट सोडवताना कानावरच्या बिया आणि समुपदेशन यांची सांगड कशी घालावी

कानाचे बिंदू दाबले की सिगारेट सुटते, असं समोरच्याला कधीही सांगू नका. एकट्या कान-उपचाराने दीर्घकाळ फायदा टिकतो, याला भक्कम पुरावा नाही. समुपदेशन आणि निकोटिनचे च्युइंगगम किंवा पॅच यांना तो आहे. मग कानाच्या बिंदूंवर चिकटवून दाबायच्या या बिया कशाला? तलफ सहसा तीन ते पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ हाताला काम मिळतं आणि ठरवलेलं आठवतं, एवढ्यासाठीच.

म्हणून आधी बोलणं, मग कान. पहिल्या भेटीला पाऊण तास ठेवा. उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते, हे आवर्जून विचारा. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनचं अवलंबित्व जास्त आहे. गम किंवा गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे पाठवा, बियांवर विसंबू नका. मग तलफेच्या प्रसंगांचा तक्ता लिहून काढा. ‘जेवणानंतर’ एवढं पुरत नाही. ‘दुपारी दीडला, डबा संपल्यावर, ऑफिसखालच्या टपरीवर, चहाबरोबर’ इतकं नेमकं हवं. प्रत्येक प्रसंगापुढे त्या वेळी काय करायचं ते त्याच्याच शब्दांत लिहा: बी दाबेन, पाणी पिईन, चहा जागेवरच मागवेन. सोडण्याची तारीख पुढच्या आठ-दहा दिवसांतली ठरवा आणि बिया त्या तारखेच्या आदल्या दिवशी लावा. फार आधी लावल्या तर सिगारेट ओढता ओढता बी दाबायची सवय लागते आणि सगळाच हेतू बुडतो.

बिया वॅकारिया या वनस्पतीच्या, चिकटपट्टीवर बसवलेल्या तयार मिळतात. कान स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओलसर त्वचेवर पट्टी धरत नाही. तीन बिंदू पुरतात. कानाच्या वरच्या त्रिकोणी खळग्यातला शेनमेन नावाचा, कानाच्या छिद्राबाहेरच्या वाटीसारख्या खोलगट भागातला फुफ्फुसाचा आणि छिद्राच्या अगदी मागे-वर असलेला मुखाचा. बोथट टोकाने हलके दाबत जा. जिथे जास्त दुखेल तिथे चिमट्याने पट्टी बसवा. तलफ आली की प्रत्येक बी साधारण मिनिटभर दाबायची, ठणका जाणवेल पण सहन होईल इतपत. तलफ नसली तरी दिवसातून तीन-चारदा दाबायची.

घोळ होतो तो बहुतेक चोळण्याने. बी चोळली की कातडी सोलवटते, आणि कानाच्या कूर्चेला रक्तपुरवठा कमी असल्याने तिथला संसर्ग लवकर आवरत नाही. कान लाल, गरम, सुजलेला दिसला तर बिया लगेच काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तीन-चार दिवसांनी बिया काढून दुसऱ्या कानावर लावा. घामाच्या दिवसांत त्याहून लवकर. भिकबाळीचं भोक, जखम किंवा पुरळ असलेली जागा टाळा. चिकटपट्टीची ॲलर्जी आधी विचारून घ्या. गरोदर बाईला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लावू नका. बियांऐवजी बिंदूंना विजेचं उत्तेजन देत असाल तर पेसमेकर असलेल्यांना ते देऊ नका.

चिडचिड आणि झोपमोड पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते, म्हणून दुसरी भेट तिसऱ्या दिवशी ठेवा. त्यानंतर निदान चार आठवडे दर आठवड्याला भेटा. बिया बदलायला माणूस येतोच. ती दहा मिनिटं तक्ता उघडून बोलण्यात घालवा. मधल्या दिवसांसाठी राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा 1800-11-2356 हा मोफत क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून द्या.

मध्येच एखादी ओढली गेली तर रागावू नका, बियाही काढू नका. कुठे, किती वाजता, कोणाबरोबर, एवढं विचारा आणि तक्त्यातली ती ओळ नव्याने लिहा.