कर्नलचं एक पान यूजर प्रोग्रॅमला वाचू द्यायचं असेल तर

लिनक्स ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात चालतो. त्यातले आकडे प्रोग्रॅमला अधूनमधून हवे असतील तर ते कॉपी करून देणारं कॉपी_टू_यूझर() पुरतं. सेकंदाला हजारो वेळा वाचायचे असतील, तर दर वेळी सिस्टम कॉल (कर्नलला हाक) नको, एममॅप करा: कर्नलच्या मेमरीचं एक पान, म्हणजे ठरावीक आकाराचा तुकडा, थेट प्रोग्रॅमला जोडून द्या. व्हीडीएसओमधून (कर्नल प्रत्येक प्रोग्रॅमला जोडून देतं त्या छोट्या लायब्ररीतून) वेळ वाचली जाते ती अशीच.

कर्नलचा पॉइंटर तसाच प्रोग्रॅमला देऊन काही होत नाही. त्या पानांना यूजर मोडमधून, म्हणजे साध्या प्रोग्रॅममधून, परवानगीच नसते, त्यामुळे थेट सेगमेंटेशन फॉल्ट. /डेव्ह/मेम या मेमरी थेट दाखवणाऱ्या फाइलच्या वाटेलाही जाऊ नका. स्ट्रिक्ट_डेव्हमेम ही कर्नलची सेटिंग चालू असेल तर तिथून साधी रॅम मिळत नाही, आणि एका पानासाठी हे संरक्षण काढणं चूकच.

मॉड्यूल (तुमचा ड्रायव्हर) सुरू होताना व्हीमॅलॉक_यूझर(पेज_साइझ) ने पान घ्या. ते शून्याने भरलेलं मिळतं. केमॅलॉकने घेतलेला मेमरीचा छोटा तुकडा कधीच मॅप करू नका: मॅप होतं ते अख्खं पान, म्हणजे शेजारचा परका डेटाही बाहेर जातो.

मग मिसलेनियस डिव्हाइस (प्रोग्रॅमला उघडता येणारी साधी डिव्हाइस फाइल) नोंदवा, मोड ०४४० (मालक आणि गटाला फक्त वाचन) ठेवा आणि फाइल ऑपरेशन्समध्ये ओनर व एममॅप भरा. ओनर विसरलात तर मॅपिंग चालू असतानाच मॉड्यूल निघू शकतं.

एममॅप फंक्शनमध्ये व्हीएम_राइट (लिहिण्याची मागणी) दिसला तर -ईपर्म (परवानगी नाही) परत करा. एवढ्यावर थांबू नका. व्हीएम_मेराइट (पुढे लिहिण्याची मुभा) हाही काढा, नाहीतर प्रोग्रॅम नंतर एमप्रोटेक्टने परवानगी बदलून लिहू लागेल. कर्नल ६.३ पासून हे व्हीएम_फ्लॅग्ज_क्लिअर() नेच करावं लागतं. शेवटी पान प्रत्यक्ष जोडणारं रिमॅप_व्हीमॅलॉक_रेंज() बोलवा. लांबी आणि ऑफसेट ते स्वतः तपासतं. रिमॅप_पीएफएन_रेंज() ही तपासणी करत नाही. ती तुम्हीच करायची, आणि विसरलात तर प्रोग्रॅम मोठी लांबी मागून पुढची कर्नल मेमरी वाचतो. ड्रायव्हरमधली ही फार जुनी, फार घातक चूक आहे.

प्रोग्रॅममध्ये प्रॉट_रीड आणि मॅप_शेअर्ड द्या. अपयश मॅप_फेल्डशी ताडा, नलशी नाही. फाइल बंद केली तरी मॅपिंग राहतं. एमअनमॅपने ते सोडेपर्यंत ड्रायव्हरचं रिलीज (फाइल सुटल्यावरचं फंक्शन) बोलावलं जात नाही.

राहिला अर्धवट लिहिलेला डेटा. पानाच्या सुरुवातीला एक क्रमांक ठेवा. कर्नल लिहायच्या आधी तो एकने वाढवून विषम करेल, लिहून झाल्यावर पुन्हा वाढवून सम. मध्ये मेमरी बॅरिअर (वाचण्या-लिहिण्याचा क्रम पक्का ठेवणाऱ्या सूचना) हवेतच. वाचणाऱ्याला क्रमांक विषम दिसला किंवा वाचनाआधीचा आणि नंतरचा जुळला नाही, तर त्याने पुन्हा वाचावं.