दादागिरी थांबवायची तर आधी बघ्यांकडे बघा

मधली सुट्टी. एकाची कंपासपेटी चौघांच्या हातांतून फिरतेय. ज्याची आहे तो मध्ये धावतोय, हसतोयसुद्धा. भोवती आठ-दहा जण उभे. विचारलं तर उत्तर तयार असतं, "खेळतोय, बाई!"

कधी ते खरंही असतं. म्हणून आधी फरक ओळखा. नॉर्वेत या विषयावर आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस तीन खुणा सांगत: त्रास मुद्दाम दिलेला, पुन्हा पुन्हा दिलेला आणि सोसणाऱ्याची बाजू दुबळी. कंपासपेटीच्या बाबतीत एवढंच बघा, मध्ये धावणारं मूल बदलतं का? रोज तेच असेल तर तो खेळ नव्हे. त्याच्या हसण्यावर जाऊ नका. रडलं की जास्त चिडवतात, हे ते केव्हाच शिकलेलं असतं.

मग जागा शोधा. शाळेचा साधा नकाशा मुलांना द्या आणि नाव न लिहिता, जिथे जायला नको वाटतं तिथे लाल खूण करायला सांगा. बहुधा जिना, स्वच्छतागृहाबाहेरचा बोळ, बसची मागची सीट. नेमक्या त्या वेळी तिथे एक मोठं माणूस उभं करा.

खरी मेहनत मात्र बघ्यांवर घ्यायची. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावरचं चित्रीकरण तपासून २००१ साली मांडलं, की सोबतचं मूल मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. पण ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून वर्गात तालीम घ्या. भांडायला शिकवू नका, ते अंगाशी येतं. "चल रे, आपल्या टीममध्ये एक कमी आहे," असं म्हणून त्या मुलाला बाजूला नेता आलं तरी पुष्कळ. तेवढाही धीर नसेल त्याने निदान हसू नये आणि मोठ्यांना सांगावं. ही चहाडी नाही, हे मुलांना उघड सांगावं लागतं. चहाडी कुणाला तरी अडकवायला केलेली असते, हे कुणाला तरी सोडवायला.

तक्रार आली की दोघांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण, हात मिळव" करू नका. बरोबरीच्यांच्या भांडणात ते चालतं; इथे दुबळं मूल त्या हस्तांदोलनातही घाबरलेलंच असतं. वेगवेगळं बोला, तक्रार कुणी केली ते फोडू नका. त्रास देणाऱ्याला वर्गासमोर झापण्यापेक्षा काय थांबवायचं आणि काय भरून द्यायचं ते नेमकं सांगा. आठवड्याने दोघांना पुन्हा विचारा. हे आपण सगळेच विसरतो.

मिळून वागणं शिकवायला 'जिगसॉ' पद्धत फार कामाची. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत वर्णावरून वर्गात तेढ होती, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी ती बसवली. पाचजणांचा गट, धड्याचे पाच तुकडे, प्रत्येकाने आपला तुकडा इतरांना समजावायचा. गट तुम्हीच पाडा. मुलांवर सोडलंत तर शेवटी कोण उरतं ते ठाऊक आहेच. सुरुवातीला कुणीतरी अडखळतं, बाकीचे वैतागतात. तेव्हा त्याचा तुकडा तुम्ही सांगून टाकू नका. "त्याला प्रश्न विचारा, उद्याच्या चाचणीत हे आहे," म्हणा आणि पुढच्या गटाकडे जा.