डोक्यातलं आधी कागदावर काढा, मग कामाला बसा

माझं काम दुकानदारांच्या हिशोबाचं आणि जीएसटीचं. दर महिन्याला ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरणपत्र भरायचं, १४ ला २बी म्हणजे माल देणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी येते, मग तिच्याशी खरेदीची बिलं जुळवायची आणि २० च्या आत ३बी म्हणजे महिन्याच्या कराचं विवरणपत्र भरायचं. या मधल्या सहा दिवसात डोकं जागेवर लागतं, एक बिल नजरेतून सुटलं तर दुकानदाराचं त्या बिलाचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, त्या महिन्यात राहतं. आणि नेमकं बिलं जुळवतानाच डोक्यात काय चालू असायचं तर मुलीच्या स्कूलबसचे पैसे द्यायचे राहिलेत, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो माणूस मला सगळ्यांसमोर तसं का बोलला. मला बरीच वर्षं वाटायचं वेळच कमी पडतोय, म्हणून पहाटे साडेचारला उठून पण बघितलं, तरी तेच. वेळ होता हो, डोकं रिकामं नव्हतं.

अर्धवट राहिलेली गोष्ट मनाला धरून ठेवते हे काही नवीन नाही. ब्लूमा झाइगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये बर्लिनला केलेला प्रयोग छापला होता, लोकांना कोडी, हस्तकामं अशी छोटी कामं दिली आणि निम्मी मधेच थांबवली, तर थांबवलेलीच कामं लोकांना जास्त आठवली. पुढे बाकीच्यांनी करून बघितलं तेव्हा दरवेळी तसं आलं नाही, पण मला जास्त उपयोगी पडलं ते २०११ मधलं मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचं काम. त्यांना असं दिसलं की अर्धवट काम पूर्ण नाही केलं, नुसतं ते कधी आणि कसं करायचं हे नीट ठरवलं तरी त्याचा मनातला त्रास कमी होतो. म्हणजे सगळी कामं संपवून मग शांत व्हायची वाट बघायची गरज नाही, ठरवलं तरी पुरतं!

आता हे करायचं कसं. रात्री जेवण झाल्यावर एक साधी वही घ्या, मोबाईल नको कारण मोबाईल उघडला की दुसरंच काहीतरी दिसतं, आणि पाच मिनिटं डोक्यात जे जे येईल ते लिहून काढा. २०१८ मध्ये अमेरिकेत बेलर युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ५७ जणांवर हे बघितलं, झोपायच्या आधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारकाईने लिहिलेली तितकी झोप लवकर.

बारकाईने हा शब्द महत्त्वाचा आहे, इथेच बहुतेकांचं चुकतं. वहीत "आईचे डोळे" असं लिहिलं तर ते परत डोक्यातच राहणार, कारण त्यात करायचं काय ते कुठे आहे? मी लिहिते "बुधवारी ११ वाजता दवाखान्यात फोन, शनिवारचा नंबर लावणे, जुनी फाइल कपाटातून काढून ठेवणे". वार, वेळ आणि हाताने करायची पहिली गोष्ट, तिन्ही पाहिजेत. आणि मग ती वही खरंच रोज सकाळी उघडायची, चार दिवस नाही उघडली की मनाला कळतं इथे लिहून काही होत नाही, मग ते परत स्वतःच आठवण करून द्यायला लागतं.

दुसरी गोष्ट मधेच येणाऱ्या फोनची. सोफी लेरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धं सोडून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा एक तुकडा मागच्या कामातच राहतो. फोन टाळता येत नाही, क्लायंट आहेत, पण उचलायच्या आधी मी पेन्सिलने एक ओळ लिहिते, "हार्डवेअरवाल्यांची ४२ बिलं झाली, पुढचं बिल बघताना गाडीभाडं वेगळं आहे का ते बघणे". दहा सेकंद लागतात. परत आल्यावर कुठे होते कुठे होते करत बसावं लागत नाही आणि फोनवरच्या माणसाचं पण नीट ऐकू येतं.

भांडणं आणि काळज्या मात्र यादीत बसत नाहीत, त्यात करायचं काही नसतंच बऱ्याचदा. त्यासाठी काळजीची वेळ ठरवून घ्या, ही पद्धत १९८३ पासून मानसोपचारवाल्यांमध्ये माहीत आहे, रोज त्याच जागी त्याच वेळी अर्धा तास. माझी संध्याकाळी सहाची, गॅलरीतल्या खुर्चीवर. दुपारी त्या मीटिंगमधलं बोलणं आठवलं की स्वतःला सांगायचं, सहाला बघू. विचार करायचाच नाही असं म्हणून तो जात नाही, उलट जास्त येतो, पण नंतर म्हटलं की बऱ्यापैकी ऐकतो. सहाला बसल्यावर कधीकधी त्यातलं अर्धं नकोसंच वाटतं. आणि ते बोलणं खूपच टोचत असेल तर त्या माणसाला भेटून बोलून घ्या, मी शेवटी तेच केलं, चहा पिताना दहा मिनिटात संपलं, तीन आठवडे मी ते डोक्यात घेऊन फिरत होते.

सकाळी उठल्या उठल्या फॅमिली ग्रुप आणि बातम्या बघणं पण सोडा, निदान पहिलं काम होईपर्यंत. सकाळी जे आत जातं तेच दुपारपर्यंत घोळतं.

घरात कोणी आजारी असेल तेव्हा यातलं काही पुरेसं चालत नाही हे पण सांगायला पाहिजे. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा वही, खुर्ची सगळं करून पण जुळवणी जमेना, कारण ती काळजी खरी होती आणि तिला तिथेच राहायचा हक्क होता. मग मी त्या आठवड्यात फक्त बिलांची एंट्री करायला घेतली, जुळवणी सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीला दिली आणि दोन क्लायंटना फोन करून सांगितलं की तुमचं १८ ला होईल.