आधी कागद, मग वकील
प्रसूतीच्या वेळच्या हलगर्जीपणामुळे बाळाला अपंगत्व आलं असा संशय असेल, तर सगळ्यात आधी लेखी अर्ज करून पूर्ण केस फाइल मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. बाळाच्या ठोक्यांचा सीटीजी आलेख, पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकली त्याचा तक्ता), जन्मानंतर १ आणि ५ मिनिटांचा अपगार स्कोअर (बाळाच्या तब्येतीला दिलेले गुण), नाळेच्या रक्ताचा पीएच (आम्लता) तपासला असेल तर तो, नंतरचा बाळाच्या मेंदूचा एमआरआय, सगळं हवं. सीटीजीची पट्टी बहुधा थर्मल कागदाची असते, एटीएमच्या पावतीसारखी पुसट होत जाते; हातात आल्या दिवशीच स्कॅन करा. (लॅमिनेशन नको, उष्णतेने काळी पडते.) सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) दर वेळी प्रसूतीतल्या चुकीमुळेच होते असं नाही, म्हणून त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाचं मत घ्या. दावा दाखल करण्याची मुदत वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.